करात सूट, पगारात तूट

२० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी राज्याराज्यांचे अर्थमंत्री गोव्यात जमले होते. बैठक सुरू व्हायच्या आधीच केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन पत्रकारांसमोर आल्या आणि कंपन्यांवरचा प्राप्तिकर एका घोषणेत खाली आला. जुन्या वजावटी सोडणाऱ्या कंपन्यांना ३० टक्क्यांऐवजी २२ टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन होऊन कारखाना काढणाऱ्या नव्या कंपन्यांना अवघे १५ टक्के. तिजोरीत वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये कमी येतील, असा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त चढला.

गुंतवणूक येईल, कारखाने वाढतील, हातांना काम मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. ते कारण खोटे नव्हते. अर्थव्यवस्था मंदावली होती, आशियातले अनेक देश कमी कर घेऊन कारखाने ओढून नेत होते. दर कमी करण्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप त्या घोषणेत न लिहिलेल्या ओळीवर आहे. सवलतीला अट होती ती जुन्या वजावटी सोडण्याची. वाचलेल्या पैशातला अमुक वाटा पगारात गेला पाहिजे, असे कुठेच म्हटले नव्हते.

सवलतीच्या कागदावर पगाराचा उल्लेख नसेल, तर सवलतीच्या पैशात कामगाराचा वाटा नसतो. आजच्या सदराचे म्हणणे एवढेच. पुढे आहेत ते पुरावे.

*

कर वाचला की कंपनीपुढे चार वाटा असतात. कर्ज फेडायचे, नवी यंत्रे घ्यायची, भागधारकांना द्यायचे किंवा पगार वाढवायचे.

पहिल्या तीन वाटांवर कोणीतरी हक्काचा कागद घेऊन उभे असते. बँकेकडे कर्जाचा करार असतो. यंत्र विकणाऱ्याकडे ऑर्डर असते. भागधारकाकडे मत असते, आणि ते पटले नाही तर तो शेअर विकून निघून जातो. चौथ्या वाटेवर कामगार उभा असतो. त्याच्याकडे युनियन आणि वेतनकरार असेल तर त्याचाही कागद आहे. नसेल तर तो मॅनेजरच्या मर्जीवर आहे.

२०१९ नंतर अनेक कंपन्यांनी कर्जे फेडली, ताळेबंद स्वच्छ केले. ते चांगलेच झाले. भागधारकांनाही मिळाले. टीसीएसने २०१७ ते २०२३ या काळात पाच वेळा स्वतःचे शेअर परत विकत घेतले आणि त्यावर एकूण सुमारे ८३ हजार कोटी रुपये खर्च केले. याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये जवळजवळ १२ हजार माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, कमी करणार असल्याचे जाहीर केले. दोन्ही गोष्टी कायद्यात बसणाऱ्या आहेत. मुद्दा तोच आहे. भागधारकाला परतावा देण्याची रीत ठरलेली आहे, तिची तारीख असते, भाव असतो, जाहिरात असते. इंजिनिअर होऊन आयटी कंपनीत लागणाऱ्या मुलाचा सुरुवातीचा पगार मात्र दहा वर्षांहून जास्त काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे, आणि तो कधी वाढणार याची कोणतीही तारीख कुणी जाहीर करत नाही.

*

आता आकडे. हे आकडे कामगार संघटनेच्या पत्रकातले नाहीत, केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतले आहेत.

२०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने सांगितले की निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये देशाच्या सकल उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेला. पंधरा वर्षांतली ही सर्वांत वरची पातळी. त्या वर्षी मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्के वाढला. त्यांच्याकडची माणसे किती वाढली? १.५ टक्के. याच पाहणीतला दुसरा आकडा: नियमित पगारावर असलेल्या पुरुषाचे महिन्याचे उत्पन्न, महागाई वजा करून, २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होते. २०२३-२४ मध्ये ते ११,८५८ रुपये झाले. म्हणजे सहा वर्षे काम करून माणूस मागे गेला.

मधल्या काळात कोविड आला, हे खरे. त्याने नफाही खाली आणला होता आणि पगारही. पण नफा त्या खड्ड्यातून वर आला आणि जुन्या पातळीच्या कितीतरी पुढे गेला. पगार खड्ड्यातच राहिला. कर कमी केल्यामुळे पगार घटले, असे मी म्हणत नाही. सवलतीचा पैसा पगारापर्यंत गेला नाही, एवढे मात्र या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येते. मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांनीही नफा आणि पगार यांच्यातल्या या अंतराबद्दल उद्योगांना जाहीरपणे बजावले आहे. बजावणे चांगले. पण बजावण्याने वेतनकरार होत नाहीत.

कर गोळा करण्याच्या बाजूला काय झाले तेही पाहा. २०१८-१९ मध्ये कंपनी करातून साधारण ६.६ लाख कोटी रुपये आले होते, आणि व्यक्तींच्या प्राप्तिकरातून त्याहून बरेच कमी. २०२३-२४ मध्ये कंपनी कराचे ९.१ लाख कोटी झाले आणि व्यक्तींच्या प्राप्तिकराचे १० लाख कोटींच्या वर. नफा विक्रमी, आणि तिजोरी भरण्यात माणसांचा वाटा कंपन्यांपेक्षा मोठा.

*

अर्थशास्त्रात एक युक्तिवाद आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कंपनी म्हणजे शेवटी माणसेच. तिच्यावरचा कर काही प्रमाणात भागधारक भरतो, काही प्रमाणात ग्राहक आणि काही प्रमाणात कामगार. म्हणून कर कमी केला तर पगार वाढतील.

कराचा काही भार कामगारावर पडतो, हे बरोबर आहे. कर कमी केला की पगार वाढतील, हे मात्र आपोआप खरे होत नाही. कंपनीला माणसे मिळेनाशी झाली किंवा असलेली माणसे टिकवणे अवघड झाले, तर पगार वाढतो. आपल्याकडे एका जागेसाठी गेटवर आयटीआय झालेल्या मुलांची रांग असते. रांग लांब असताना कोणता मालक आपणहून दर वाढवेल?

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी केला. २०१७ च्या कायद्याने तिथला कंपनी कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला. प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न सरासरीने वर्षाला किमान ४ हजार डॉलरने वाढेल, असे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितले होते. पुढे करविवरणपत्रांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना दिसले ते वेगळेच. कमाईतली वाढ कंपनीतल्या सर्वांत वरच्या दहा टक्के पगारदारांकडे गेली, खालच्या नव्वद टक्क्यांच्या कमाईत दखल घेण्याजोगा बदल नव्हता. तिथे बेकारी कमी होती, तरीही हे झाले. इथे काय होणार होते?

*

कंपनीला २२ टक्के. मग ज्याचा पगार ११ हजार आहे त्याला किती?

प्राप्तिकर शून्य. पण त्याच्या पगारपत्रकावर ‘पीटी’ नावाची एक ओळ असते. व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिन्याला १० हजारांच्या वर गेला की दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ मध्ये ती २५० वरून इथे आली आणि तिथेच थांबली.

परिणाम असा की ११ हजारांचा हेल्पर वर्षाला २,५०० भरतो. त्याच कंपनीचा कोट्यधीश संचालक २,५०० भरतो. आणि एक संस्था म्हणून ती कंपनीसुद्धा २,५०० भरते. हेल्परच्या कमाईचा हा जवळजवळ १.९ टक्के. वर्षाला एक कोटी मिळवणाऱ्याच्या कमाईचा ०.०२५ टक्के.

महिलांना महाराष्ट्राने एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत या करातून सूट दिली. योग्य केले. आता २५ हजारांच्या आतल्या पुरुषांनाही द्या. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. विधिमंडळात बहुमत लागते, आणि ते आहे.

*

सवलतीला पगाराची अट घालता येत नाही, ते बाजाराच्या विरुद्ध आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९६१ चा प्राप्तिकर कायदा उघडून पाहावा.

२०२३ च्या वित्त कायद्याने त्यात एक पोटकलम आले, ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी तो खर्च मान्य होईल. भोसरीच्या आणि सातपूरच्या छोट्या कारखानदारांची बिले मोठ्या कंपन्या महिनोन्‌महिने अडकवत होत्या. सरकारने करातून दाब दिला.

पीएफचेही तसेच. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मालकाने मुदतीत भरला नाही, तर त्या रकमेची वजावट कायमची गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.

म्हणजे करकायद्यातून पुरवठादाराचे संरक्षण होते, भविष्यनिर्वाह निधीचे होते. पगाराचे का होत नाही?

उलट एक कलम तर पगार वाढवणाऱ्याला दंड केल्यासारखे चालते. ८०जेजेएए. नवी माणसे घेतली तर त्यांच्यावरच्या खर्चाच्या ३० टक्के वजावट सलग तीन वर्षे जास्तीची मिळते. २२ टक्के दर घेणाऱ्या कंपनीलाही ती मिळते. हेतू उत्तम. पण ज्याचा मोबदला महिन्याला २५ हजारांच्या वर आहे, तो कामगार या हिशोबात धरलाच जात नाही. ही मर्यादा २०१६ मध्ये घातली गेली. तेव्हाचे २५ हजार आणि आजचे २५ हजार यांत किती अंतर पडले, हे किराणा भरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. कंपनीला २५ हजारांवर वजावट आणि २५ हजार १ रुपयावर काही नाही. मग एचआरचा माणूस ऑफर लेटरवर कोणता आकडा लिहील?

केंद्राची नवी रोजगार प्रोत्साहन योजना, १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली, या बाबतीत जरा शहाणी आहे. नव्या माणसामागे मालकाला महिन्याला जास्तीत जास्त ३ हजार रुपये मिळतात, आणि पगार जास्त असेल तर प्रोत्साहनही जास्त. १० हजारांच्या आत १ हजारापर्यंत, २० हजारांपर्यंत २ हजार, त्यापुढे १ लाखापर्यंत ३ हजार. पगार आणि सवलत एकाच सूत्रात बांधता येतात, हे सरकारने स्वतःच करून दाखवले आहे. मग जी सवलत सर्वांत मोठी, ती या सूत्राबाहेर का?

*

आता कंपन्यांनी स्वतः निवडलेल्या गोष्टीकडे येऊ.

वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी २०२३-२४ मध्ये ४२ टक्के कंत्राटी होते. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण साधारण पाचात एक होते. कर वाढला म्हणून हे झाले नाही. याच काळात कर कमी झाला. केंद्राचा कायदा बदलला म्हणूनही झाले नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तोच होता. कारखानदारांनी कायदा वाचला आणि त्यातली फट निवडली.

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा. एकाच लाइनवर, एकाच शिफ्टमध्ये, एकाच गाडीचे बोल्ट आवळणारी तीन माणसे दिसतील. एक परमनंट, एक ठेकेदाराचा, एक ट्रेनी. परमनंटला युनियनने केलेला करार लागू. ठेकेदाराच्या माणसाला किमान वेतन आणि वर ओव्हरटाइम, म्हणजे ओटी. ट्रेनीला पगार नाही, विद्यावेतन. तिघांचे काम एक, तिघांचा आकडा वेगळा. सारख्या कामाला सारखे वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात ठासून सांगितले. कंत्राटी कायद्याच्या नियमांतही ते आधीपासून होते. शॉपफ्लोअरवर ते अजून उतरलेले नाही.

आणि ‘ब्रेक’. वर्षात २४० दिवस भरले की औद्योगिक विवाद कायद्याने सलग सेवा धरली जायची. म्हणून सात महिने झाले की ब्रेक. माणूस घरी, आणि पुन्हा नव्या चिठ्ठीवर तोच माणूस, त्याच मशीनवर, पहिल्या दिवसाच्या पगारावर. कामगाराला संरक्षण देणारा २४० चा आकडा मालकाच्या कॅलेंडरवर त्याला काढून टाकण्याची तारीख झाला. दोष कायदा असण्याचा नव्हता. कायद्याने दाराला कुलूप लावले आणि खिडकी सताड ठेवली.

*

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे गेले. यात सगळे वाईट आहे असे म्हणणारे आणि सगळे चांगले आहे असे म्हणणारे, दोघेही पगारपत्रक उघडून बघत नाहीत. आपण बघू.

चांगले काय? भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागेल. मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवायचा आणि बाकीचे ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये कोंबायचे, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी द्यावी लागते, या जुन्या खेळाला लगाम बसेल. मुदतीच्या नोकरीवरच्या माणसाला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. नेमणूकपत्र सर्वांना. हे कामगाराच्या बाजूचे आहे आणि त्याचे मनापासून स्वागत.

पण इथेही शेवटचा निर्णय कंपनीच्या हातात राहिला. पीएफमधला मालकाचा हिस्सा आपल्याकडे ‘सीटीसी’त, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण पगारखर्चात, धरतात. मूळ पगार वाढला, पीएफ वाढला आणि सीटीसी तेवढाच ठेवला, तर मालकाचा वाढलेला हिस्साही कामगाराच्याच खिशातून जाणार आणि हातात पडणारा पगार कमी होणार. कायद्याने हक्क दिला. खर्च कोणी उचलायचा ते सांगितले नाही. सवलतीच्या काळात नफा कंपनीचा, आणि सुधारणेच्या काळात भार कामगाराचा, ही वाटणी मान्य करता येणार नाही.

आणि वाईट काय? कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. कंत्राटी कामगारांचे नियम पूर्वी २० माणसांपासून, आता ५० पासून. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच वाढवून ठेवली होती. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांत. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संप. कामावरून काढणे सोपे, एकत्र येऊन काम थांबवणे अवघड. अशा वेळी पगाराच्या टेबलावर कोणाचा आवाज चढेल, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तळवेतनाचे तर सांगायलाच नको. कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही असे देशव्यापी तळवेतन संहितेत आहे. त्याआधीचा, २०१७ मध्ये ठरलेला राष्ट्रीय तळाचा आकडा दिवसाला १७६ रुपये होता. केंद्रानेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये आहाराचा, कपड्यांचा, घरभाड्याचा हिशोब मांडून ३७५ रुपये सुचवले. कंपन्यांना सवलत द्यायला सरकारला एक सकाळ पुरली. त्याच वर्षी आलेली ही शिफारस मात्र अंमलात आली नाही.

*

महाराष्ट्राने स्वतःहून काय केले? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला मान्यता दिली. तीन महिन्यांतल्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती हवी.

ओटीचा दर दुप्पट असतो, म्हणून कामगार संमती देईल. १२ हजारात घरभाडे, शाळेची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे बसत नसतील, तर तो चौदा तासांनाही सही करेल. पगार पुरत नाही म्हणून दिलेल्या सहीला मी संमती मानत नाही. आणि ज्याला ठेकेदार उद्यापासून गेटबाहेर ठेवू शकतो, त्याच्या नकाराला कागदावर जागा असली तरी गेटवर नाही. आधी आठ तासांत घर चालेल एवढा पगार ठरवा, मग जास्तीचे तास त्याच्यावर सोडा.

*

नियम म्हटला की रोजगार मेला, असे सांगणाऱ्यांना महाराष्ट्राचेच उत्तर आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारपेठांतल्या हमालांना संघटित केले आणि राज्याने देशात पहिल्यांदा असा कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठराविक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि लेव्हीतून पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना बघणार. ज्याला कायमचा मालक नाही, पाठीवर गोणी आणि रोजची नवी दुकाने, त्याला कायमस्वरूपी कामगाराचे हक्क मिळाले. बाजार बंद पडला नाही. मुंबईचे घाऊक बाजार पुढे नवी मुंबईत गेले आणि माथाडी मंडळे त्यांच्याबरोबर गेली.

१९८१ मध्ये हीच पद्धत खासगी सुरक्षारक्षकांना लावली. आज मंडळाच्या सुरक्षारक्षकाचा पगार आणि खासगी एजन्सीच्या रक्षकाचा पगार शेजारी ठेवून पाहा. काम तेच, बूट तेच, रात्र तीच. फरक नियमाने केला.

या मंडळांत खोट्या नोंदी झाल्या, माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे घुसले, हे उद्योजकांचे गाऱ्हाणे खरे आहे. गुंडांना आत टाका. त्यांच्या निमित्ताने कायदा सैल करू नका.

*

आणि एक जुना धडा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. पण त्यांच्या मुळाशी आणखी एक मागणी होती: १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदला. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, आणि तो कामगारांचा विश्वास गमावलेल्या युनियनकडे होता. कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे होते, कायदा दुसऱ्याच्या. अडीच लाख माणसे एका बाजूला आणि बोलायला टेबल नाही. पुढे काय झाले ते गिरणगावाने भोगले.

नव्या संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी ठरणार आहे. मोजणी प्रामाणिक झाली तर ही तरतूद चांगली. पण त्या मोजणीत ठेकेदाराचा माणूस कुठे आहे? कारखान्यातली ४२ टक्के माणसे मुख्य कंपनीशी बोलण्याच्या टेबलापासून दूर राहिली, तर १९८२ ची चूक आपण नव्या भाषेत लिहून ठेवतो आहोत.

*

तेव्हा मागण्या थोड्या आणि सरळ.

२२ आणि १५ टक्क्यांचा दर घेणाऱ्या मोठ्या कंपनीने दरवर्षी जाहीर करावे: कायम किती, कंत्राटी किती, ट्रेनी किती आणि प्रत्येक गटातल्या मधल्या माणसाचा पगार किती. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याने संचालकाचा पगार आणि कर्मचाऱ्याचा मध्यम पगार यांचे गुणोत्तर आजही छापावे लागते. त्यात कंत्राटी माणसाला मोजा.

नफा वाढूनही सलग तीन वर्षे पगाराची वाढ महागाईच्या खाली राहिली, तर त्या कंपनीला सवलतीचा दर बंद.

कायमस्वरूपी कामावर ठेकेदाराचा माणूस ठेवला आणि त्याला सारखे वेतन दिले नाही, तर ठेकेदाराच्या बिलाची वजावट नाही. पुरवठादाराच्या बिलासाठी हे चालते, माणसाच्या मजुरीसाठीही चालेल.

८०जेजेएए मधली २५ हजारांची मर्यादा महागाईनुसार वर. तळवेतन सत्पथी समितीच्या सूत्राने, आजच्या भावाने. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पुरुषांचाही व्यवसाय कर माफ.

छोट्या कारखानदाराला यातले काही जड जाईल का? तळवेतन जाईल. त्याला मदत करा: बिले वेळेत मिळवून द्या, पीएफचा काही भार काही वर्षे सरकारने उचलावा. पण मोठ्या कंपनीने छोट्या कारखानदाराच्या आडून स्वतःचा पगार-खर्च वाचवू नये.

फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प येतो, मार्चमध्ये राज्याचा. दोन्हींत उद्योगांना काही ना काही सवलत जाहीर होईल. त्या दिवशी आपल्या खासदाराला आणि आमदाराला दोन प्रश्न विचारा. यातले किती रुपये पगारात जाणार? आणि नाही गेले, तर सवलत परत घेणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. कंपन्यांना सवलत लेखी मिळते. कामगारालाही आश्वासन लेखीच हवे.